वीतभर शेवंती

कंबरपट्टा बांधून आईनं हात काढले, आणि पट्टा माझ्या पोटावरून घसरत थेट पायांत येऊन पडला.

पिवळ्या शेवंतीचा, मधेमधे अबोलीचे टिपके भरलेला, खाली कुंदाच्या कळ्यांची झालर लावलेला तो पट्टा माझ्या पावलांभोवती असा वेटोळून बसला, की आळ्यात लावलेल्या रोपासारखी मी त्याच्या मधोमध उभी. मग शेजारच्या भामाकाकूंना हसू फुटलं.

"बया! यमुनेचा हात चुकला! आज सूर्य कुठून उगवलाय ते बघा गं कुणीतरी!"

खोलीतल्या सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. आई नाही हसली.

माझ्या पहिलटकरणीच्या डोहाळजेवणाचा तो दिवस. मार्गशीर्षातली दुपार होती, सातवा महिना लागला होता. सासवडच्या पुढं आमची माळ्यांची वाडी. घरामागं फुलांची शेती, अंगणात माझ्या वडिलांनी, तात्यांनी, मांडव घातलेला, त्यात फुलांनी मढवलेला झोपाळा. फलटणकडून माझ्या सासरची माणसं आली होती. सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणायची, सकाळपासून एका खुर्चीवर ताठ बसून होत्या आणि तिथूनच कारभार चालवत होत्या. झोपाळा दाराच्या तोंडाशी आला, तो सरकवा. भात मोकळा झाला नाही, पुढचा तरी बघून करा. उंच, सावळ्या, नाकावर चष्मा. त्यांच्या जिभेला फलटण घाबरायचं, तिथं आमच्या वाडीचं काय?

"विहीणबाई," त्या दारातून म्हणाल्या, "आमच्या घरी खाऊन सून एवढी फुगली असंल, असं वाटलं का तुम्हाला?"

"चुकलं," आई खाली वाकत म्हणाली. "आत्ता सारखा करून देते. तुम्ही सगळ्या बाहेर बसा जरा. गर्दीत मला गाठ दिसत नाही."

बायका गेल्या. आईनं दार लोटलं, कडी घातली, आणि खाली बसून पट्ट्याची गाठ सोडायला लागली. तिला ती सुटेना. मी माझ्या आईची बोटं जन्मापासून पाहिलेली. अंधारात गजरा ओवणारी, गप्पा मारता मारता वेणी बांधणारी बोटं ती. आजूबाजूच्या गावांत कुणाचंही डोहाळजेवण असो, फुलांची वाडी आमच्या घरून जायची. मुकुट, बाजूबंद, बांगड्या, पट्टा, सगळं फुलांचं. आणि आईचा पट्टा कधी सैल झाला नव्हता, कधी आवळला नव्हता.

यात एक गंमत होती. पोटुशीच्या पोटाला दोरा लावायचा नाही, बाळाची वाढ त्या दोऱ्यापाशी अडते, असं आमच्याकडच्या बायका मानायच्या. म्हणून आई माप घ्यायची ते स्वतःच्या कंबरेवर. आपल्याभोवती दोरा फिरवायचा, मग ती बाई अंगानं कशी, महिना कितवा, ते बघून त्यात वाढवायचं किंवा कमी करायचं. माझं माप तर सगळ्यांत सोपं. आम्ही दोघी एका अंगकाठीच्या. माझ्या लग्नाआधी एकमेकींच्या चोळ्या घालायचो. तिची कंबर, आणि वर सातव्या महिन्याची एक वीत. झालं.

मी पट्ट्याचं मोकळं टोक उचललं. पोटाभोवती धरलं. पट्टा जास्त होत होता, तो बरोबर एका वितीनं.

"आई, माप कधी घेतलंस?"

"काल."

"आपल्याच कंबरेवर ना?"

ती शेवंतीची फुलं एकेक काढत राहिली.

मग मी तिच्याकडे पाहिलं. दोन दिवसांपूर्वी मी माहेरी आले तेव्हापासून तिच्याकडे नीट पाहायला वेळच झाला नव्हता, कारण सगळा वेळ तीच माझ्याकडे पाहत होती. नाकावर वांग आलाय, म्हणत होती. पावलं सुजलीत, उशीवर ठेव. आता पाहिलं तर तिच्या हाताची हाडं वर आलेली, गळ्याखाली खळगे. आणि पदर? पदर तिनं अंगाभोवती दोनदा लपेटून कंबरेला खोचला होता. माझी आई, जिला पदर कामात अडचण वाटायचा!

"हात काटक्या झालेत तुझे," मी म्हणाले. "मग कंबर कशी वाढली?"

"वय झालं की सुटतं पोट."

"वीतभर?"

"विमल, बाहेर बायका खोळंबल्यात. पट्टा करू दे मला."

मी तिच्या हातातला पट्टा काढून घेतला. ती तशीच रिकाम्या हातांनी बसून राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "तुझं बाळंतपण होऊ दे. मग सांगणारच होते."

"काय सांगणार होतीस?"

"गोळा आहे गं. पोटात."

माझी आजी, म्हणजे आईची आई, मी पाहिलेली नाही. पण तिच्या पोटातल्या गोळ्याबद्दल ऐकत मी वाढले. कसा लिंबाएवढा होता, मग नारळाएवढा झाला, कसं तिला बैलगाडीतून पुण्याला नेलं आणि बैलगाडी कशी रिकामी परत आली. आमच्या घरात तो शब्द हळूच उच्चारायचा शब्द होता.

मी भिंतीला टेकून खाली बसले. सातव्या महिन्यात बसणं म्हणजे एक सोहळाच असतो. पण तेव्हा कशी बसले ते आठवत नाही.

"तात्यांना ठाऊक आहे?"

"त्यांना सांगितलं असतं तर आज मांडव उभा राहिला असता का? मला डॉक्टरकडे नेऊन बसवलं असतं. डॉक्टर म्हणाला असता, कापा. मग तुझ्याजवळ कोण बसणार? तुला शेकायला, तेल लावायला? माझ्यावेळी मला आई नव्हती, विमल. तुझ्यावेळी असायचं मी ठरवलंय. दोन महिने ओढीन मी अजून. ओढलं म्हणजे झालं."

हे सगळं ती इतक्या साधेपणानं बोलली, जणू दोन महिने बाजारातून उधारीवर आणायचे होते. माझ्या पोटातल्या बाळानं त्याच वेळी एक सणसणीत लाथ मारली. माझी भीती त्यालाही पोचली असावी. मी हुंदका दिला, तशी आई घाबरी होऊन माझ्या जवळ सरकली.

"रडू नकोस, रडू नकोस. पोटातलं ऐकतं."

"ऐकतं ते खरंच आहे," मी नाक पुसत म्हणाले. "फलटणच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्याला आता कान आहेत. आपला आवाज ओळखायला लागतं."

"मग? त्याला आजीच्या आजारपणाच्या गोष्टी ऐकवतेस?" ती हसायला बघत होती.

"मला दाखव."

"काय दाखवू?"

"पोट दाखव तुझं."

"चल! लेकीला पोट दाखवू?"

"तू माझं बघतेस ते चालतं? दाखव, नाहीतर मी कडी काढून आत्यांना हाक मारते."

या धमकीला ती बधली. पदर सोडला, निऱ्या थोड्या खाली केल्या, आणि मान भिंतीकडे वळवली. सुईची भीती वाटणारं लेकरू दंड पुढं करून दुसरीकडे बघतं, तशी.

बेंबीपर्यंत आलेलं, गोल, ताठ पोट. आणि बेंबीपासून सरळ खाली गेलेली एक काळसर रेघ.

त्या रेघेवरून एक गोष्ट सांगायला हवी. चौथा महिना सरत असताना ती माझ्या पोटावर उमटली, तेव्हा मला वाटलं मळ आहे. न्हाणीत बसून मी काथ्यानं घासघास घासली, कातडं लाल झालं तरी जाईना. शेवटी रडत आत्यांना सांगितलं. त्या खुर्चीतून हलल्याही नाहीत. म्हणाल्या, "ती बाळाची पायवाट आहे. घासून कुणाची वाट पुसता येत नसते. जा, तेल लाव." अंग बदलत जातं ते असं, आपल्याला न विचारता. आधी वास बदलले. ज्या निशिगंधात मी लहानाची मोठी झाले, त्याचा दांडा कुणी दारावरून नेला तरी पोट ढवळायचं. मग छाती जड झाली, चोळ्या आवळू लागल्या. मग घशाशी आंबट यायला लागलं, बेंबी वर आली, केस दाट झाले, आणि आरशात कुणीतरी अनोळखी बाई गालावर सावली घेऊन उभी राहायला लागली. माझ्या अंगात रोज कुणीतरी सामान हलवत होतं. घर माझं, आणि बिऱ्हाड दुसऱ्या कुणाचं लागत होतं.

आणि आता तीच रेघ माझ्यासमोर, माझ्या आईच्या पोटावर.

आल्या दिवशी पाहिलेलं एकेक आठवायला लागलं. निशिगंधाच्या पाट्या दरवर्षी ओसरीवर असतात, यंदा लांब गोठ्याकडे का ठेवल्या होत्या? मी विचारलं तेव्हा म्हणाली होती, "डोकं चढतं वासानं." तिच्या गालावरचा काळपटपणा, तो मी उन्हाचा समजले होते.

"आई, पाळी?"

"ती कधीच गेली. नागपंचमीपासून नाही. माझ्या आईचीही अशीच लवकर गेली होती."

"आणि गोळा कधी लागला हाताला?"

"दिवाळीत. उटणं लावताना."

"दुखतो?"

"दुखत नाही. तेच तर वाईट म्हणतात." मग म्हणाली, "पण सरकतो गं मेला. आईचाही सरकायचा. या आठवड्यात जरा जास्तच. निजले की इथून तिथं. मधेच बुडबुडा फुटल्यासारखं होतं."

बुडबुडा! माझ्या बाळानं मला पहिल्यांदा हाक दिली ती तशीच. मी पाट्यावर चटणी वाटत होते, आणि पोटाच्या तळाशी एक बुडबुडा फुटला. मी वरवंटा हातात धरून तशीच थांबले होते, परत होईल म्हणून.

मला आता ओरडावंसं वाटत होतं. पण मी चुकले असते तर? आशा दाखवून ती खोटी निघाली असती तर? मी आजूबाजूला पाहिलं. कोपऱ्यात पाटावर झाकलेल्या दोन वाट्या होत्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. जेवणं झाल्यावर मी त्यातली एक उघडायची होती, पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. वाट्या आत्यांनी स्वतः भरून, झाकून, कुणी हात लावायचा नाही अशी तंबी देऊन ठेवल्या होत्या.

मी एक वाटी उघडली. पेढा होता.

"अगं, काय करतेस! ती तुझी—"

"खा."

"वेडी झालीस? विहीणबाई—"

"आई, तू खा आधी. मी गोड खाल्लं की हे माझं आत नाचायला लागतं. मला बघायचंय."

"काय बघायचंय?" ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं. तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं, मग स्वतःच्या. पेढा तिनं तोंडात घातला तो माझी आज्ञा म्हणून, पण चावताना तिचा चेहरा एखाद्या मुलीचा झाला होता.

मी तिला आडवं केलं. दोन्ही तळवे तिच्या पोटावर ठेवले. बाहेर बायका हसत होत्या, कुणीतरी झोपाळ्याच्या कड्या वाजवून बघत होतं, जिलेबीच्या पाकाचा वास दाराच्या फटीतून येत होता. आम्ही दोघी श्वास धरून होतो.

काही नाही.

मग पुन्हा काही नाही. तिच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानाकडे वाहायला लागलं. "राहू दे विमल," ती म्हणाली. "पट्टा कर."

आणि माझ्या डाव्या तळव्याखाली कुणीतरी टिचकी मारली.

इतकी हलकी, की उगवत्या मोडानं माती उचलावी. मग परत, जरा खाली. मग एक अख्खी लहर, तळ्यात मासोळी वळावी तशी, माझ्या एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत.

"हा बघ गोळा!" मी ओरडले. "अगं आई, हा बघ तुझा गोळा! लाथा मारतोय तुझा गोळा!"

"गप!" तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. दुसरा हात पोटावर दाबला. आता तिलाही कळत होतं. वीस वर्षांपूर्वी कळलेलं, विसरलेलं, पुन्हा कळत होतं. माझ्यामागं तिला दोनदा दिवस गेले होते, दोनदा ते टिकले नाहीत, आणि मग देव्हाऱ्यापुढं तिनं मागणंच सोडून दिलं होतं. आणि मग ती हसली. तोंडात पदराचा बोळा कोंबून हसली. तिचं पोट हसण्यानं हलत होतं आणि आतलंही हलत होतं. मी तिच्या गळ्यात पडले, माझं सात महिन्यांचं पोट मधे आलं, आणि आम्हाला नीट मिठीसुद्धा मारता येईना, त्याचं आणखी हसू.

"मी याला एरंडेल पाजलं," ती हुंदके देत हसत म्हणाली. "गोळा विरघळावा म्हणून. हिंग चोळला. शिव्या दिल्या."

"ऐकल्या असतील त्यानं!"

"अजून कान फुटले नसतील ना गं? सांग ना, फुटले नसतील ना?"

आणि मग, आभाळात ढग सरकावा तसा, तिचा चेहरा बदलला. ती उठून बसली. पदर ओढून घेतला, पहिल्यासारखा दोनदा लपेटला.

"विमल. आज लेकीचं डोहाळजेवण, आणि आई पोटुशी."

"मग?"

"मग काय! बाहेर तुझं सासर बसलंय. जावई आहेत. चाळिशीला आलेली बाई, नातवंडाचं तोंड बघायच्या वयात... लोक तोंडावर काही बोलायचे नाहीत, पण तुला आयुष्यभर ऐकवतील. तुझ्या सासूची जीभ तुला ठाऊक आहे."

"ऐकेन मी."

"तू ऐकशील. मी नाही ऐकवणार तुला." ती आता माझ्याकडे पाहत नव्हती. "अजून कुणाला कळलेलं नाही. तू परवा फलटणला गेलीस की मी पुण्याला जाईन, तू बाळंतपणाला यायच्या आत. माझी मावसबहीण आहे तिथं. हे काढून मोकळी होऊन येईन. कुणाला पत्ता लागायचा नाही."

हातातली कुंदाची कळी मी चिरडली ते मला नंतर कळलं. दोन महिने जगू पाहणारी माझी आई आत्ताच माझ्यापुढं वीस वर्षांनी लहान झाली होती. आणि आता तीच कडी घालून स्वतःला कोंडून घेत होती.

"आई, आत्ता हसलीस ना तू? मग?"

"हसले," ती म्हणाली. "ते तेवढंच पुरेल मला."

दारावर थाप पडली. थाप नव्हे, थपडा.

"उघडा," आत्यांचा आवाज. "एक गाठ मारायला किती वेळ? का शेवंती पेरून उगवायची वाट बघताय?"

आईनं डोळे पुसले, मला खुणेनं गप्प राहायला सांगितलं आणि कडी काढली. आत्या आत आल्या, आणि त्यांनी स्वतःच दार पुन्हा लावलं. त्यांची नजर खोलीभर फिरली. सुटलेला पट्टा, रडून लाल झालेले आमचे डोळे. मग उघडी वाटी.

"पेढा कुणी खाल्ला?"

त्यांनी रिकामी वाटी उचलून धरली.

"सूनबाई, तू?"

मी आईकडे पाहिलं. आईनं मान खाली घातली. तिनं मला गप्प राहायला खुणावलं होतं. पण खोटं बोलायला सांगितलं नव्हतं.

"आईनं," मी म्हणाले. "मी खायला लावला."

"डोहाळकरणीच्या वाटीतला?" आत्यांनी चष्मा वर केला. आईला एकदा वरून खाली पाहिलं, मग खालून वर. लपेटलेल्या पदरापाशी त्यांची नजर थांबली. त्या बाईनं सहा बाळंतपणं काढली होती स्वतःची, आणि सुनांची, लेकींची वेगळी. पट्ट्याचं मोकळं टोक त्यांनी हातात घेतलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आईकडे. माप कशावर घेतात ते त्यांच्या गावच्या बायकांनाही ठाऊक होतं.

"कितवा?" त्यांनी विचारलं.

आईनं पदर घट्ट धरला. मीच म्हणाले, "पाचवा."

"हूं."

आता ही बाई काय म्हणणार, त्यावर एक जीव लटकलेला होता, आणि ते त्या बाईला ठाऊकही नव्हतं. आई जमिनीकडे बघत म्हणाली, "विहीणबाई, तुमच्या सुनेला बोल लागेल असं काही मी होऊ देणार नाही. याची वाच्यता व्हायची नाही. मी—"

"माहेरी कोण आहे तुमच्या?" आत्यांनी मधेच तोडलं.

आई गोंधळली. "कुणी नाही. आई लहानपणीच गेली. भाऊ नाही, बहीण नाही."

"मग चोरचोळी कुणी दिली?"

चोरचोळी म्हणजे, पोट चार लोकांच्या डोळ्यांवर यायच्या आधी माहेरच्या बाईनं गर्भारणीला गुपचूप दिलेली हिरव्या खणाची चोळी. कुणी बघायचं नाही, कुणी बोलायचं नाही. बाळाचा तो पहिला मान.

"या वयात कसली चोळी, विहीणबाई..."

"मी वय विचारलं का? चोळी विचारली."

"कुणी नाही दिली."

आत्यांनी आपली कापडी पिशवी खाटेवर उपडी केली. माझ्या ओटीचं सामान होतं त्यात. नारळ, हळकुंडं, तांदूळ, आणि माझ्यासाठी आणलेले दोन हिरवे खण. त्यातला एक त्यांनी उचलला. झटकला. पुन्हा नीट घडी घातली.

"सूनबाई," त्या करड्या आवाजात म्हणाल्या, "तोंड भिंतीकडे कर. बघायचं नसतं."

मी भिंतीकडे तोंड केलं. पांढऱ्या चुन्याच्या भिंतीवर एक मुंगी कुंदाची पाकळी ओढत चालली होती, तिच्याकडे बघत राहिले. मागं कापडाची सळसळ झाली. बांगड्या वाजल्या. मग आत्यांचा आवाज आला, आणि तो आवाज मी लग्नानंतरच्या दीड वर्षात कधी ऐकलेला नव्हता.

"घे बाई. आजपासून माहेर मी तुझं. आणि बोलणाऱ्यांचं माझ्याकडे लागलं. माझ्या जिभेला लोक भितात, ती काय नुसत्या सुनांसाठी ठेवलीय?"

मग मोठ्यानं रडण्याचा आवाज आला. तो आईचा होता. ती लहान मुलीसारखी रडत होती, आणि तिच्या पाठीवर कुणीतरी थोपटत होतं. मला वळायचं नव्हतं, मी वळले नाही. माझ्या पोटातलं बाळ मात्र एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला वळलं.

"पुण्याला जायचं म्हणत होती ती," मी भिंतीला सांगितलं.

"पुण्याला जायचंच आहे," आत्या म्हणाल्या. "चांगल्या डॉक्टरीणबाईला दाखवायला. मी येते बरोबर. व्याह्यांना ठाऊक आहे का?"

"त्यांना गोळासुद्धा ठाऊक नाही," आई रडता रडता म्हणाली.

"कसला गोळा?"

त्यावर आम्ही दोघी अशा हसत सुटलो, की आत्यांना वाटलं असेल, हे घरच वेड्यांचं आहे.

तात्यांना आत बोलावलं. ते जिलेबीचा झारा हातात घेऊनच आले, बायकांच्या खोलीत बोलावलंय म्हणून दारातच घुटमळले. आईनं त्यांच्या कानात सांगितलं. त्यांनी एकदा माझ्या पोटाकडे पाहिलं, बहुतेक माझ्याबद्दलच काहीतरी असेल म्हणून. आईनं पुन्हा सांगितलं. तेव्हा ते सोडवलेल्या शेवंतीच्या ढिगाऱ्यावर मटकन बसले. झाऱ्यातला पाक पांढऱ्या धोतरावर ओघळत होता. "बरं," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "बरं." मग उठून बाहेर गेले, आणि आचाऱ्याला सांगताना त्यांचा आवाज आम्हाला ऐकू आला: "जिलेबी वाढवा! आणखी एक घाणा काढा! का म्हणजे काय, मी म्हणतोय म्हणून!"

पुढचं आमच्या वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. होळीच्या आसपास मला मुलगी झाली, आणि अक्षय्यतृतीयेच्या सुमाराला आईला मुलगा. मामा भाचीपेक्षा धाकटा. आईनं मला शेकलं, आणि मग माझं बाळ कडेवर घेऊन मी आईला शेकलं. आत्या दोन्ही पाळण्यांच्या मधे खुर्ची टाकून बसायच्या आणि दोन्हीकडे चुका काढायच्या. आता ती दोघं मोठी झालीत, आपापल्या कामाला लागलीत. भांडतात मात्र अजून तशीच, वडीलधारं कोण यावरून.

पण मी सांगतेय ती त्या दुपारची गोष्ट.

भामाकाकू दारावर आल्या. "अगं यमुने, गाणं कोण म्हणणार? विमलला बसवायचं झोपाळ्यावर, महिने गायला तू नको का?"

आई माझ्याकडे आणि आत्यांकडे बघून थांबली. डोहाळ्याचे महिने आमच्या वाडीत आईच गायची, पहिल्यापासून नवव्यापर्यंत. गाताना झोपाळ्यासमोर मधोमध उभं राहावं लागायचं, सगळ्यांच्या नजरेत.

"चला," आत्या म्हणाल्या. आणि पुढं होऊन त्यांनी आईचा दोनदा लपेटलेला पदर सोडून एकेरी केला.

मी झोपाळ्यावर बसले. डोक्यावर मुकुट, दंडाला बाजूबंद, अंगभर शेवंती. समोर आई उभी राहिली. तिनं घसा साफ केला.

"पहिल्या गं महिन्याची, कुणा लागेना चाहूल
दारी उमटलं माझ्या, कुण्या पाहुण्याचं पाऊल"

बायकांनी सूर धरला. तिचा आवाज सुरुवातीला कापत होता, दुसऱ्या महिन्याला स्थिरावला. तिसऱ्याला वासांचे रुसवे आले, चौथ्याला चिंचेची झाडं. मी झोके घेत होते, आणि माझ्या बाळाला पलीकडून ते ऐकू जात असणार, आणि तिच्या बाळाला कदाचित अजून नुसती थरथर. मग पाचवा आला.

"पाचव्या गं महिन्यात, डोह हलतो सकाळी
कुणी कूस वळविली, माझ्या पोटाच्या पाताळी"

गाता गाता तिचा हात उठला आणि तिच्या स्वतःच्या पोटावर येऊन विसावला. तिला ते कळलंही नसावं. एकेरी पदराखालचं ते गोल पोट, त्यावर तो हात, आणि डोळे मिटलेले. सूर धरणाऱ्या बायका एकेक करून थांबल्या. भामाकाकूंचा हात तोंडाकडे गेला.

आईनं डोळे उघडले. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. तिनं हात काढला नाही.

खुर्चीवरून आत्यांनी टाळ्या वाजवल्या, एक, दोन, एक, दोन, ठेका धरून. "पुढं," त्या म्हणाल्या. "सूर सोडायला कुणी सांगितलं?"

आई माझ्याकडे बघून हसली. पण पुढं गेली नाही. सहावा महिना तिच्या ओठांवर आलेला मला दिसला, आणि तिनं तो परतवला. मग पोटावरचा हात तसाच ठेवून, मोकळ्या गळ्यानं, मांडवाबाहेर मळ्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या जोरात, तिनं पाचवा महिना पुन्हा पहिल्यापासून धरला.